जंगलात नाव घेऊ नये

मला वाघाची भीती वाटते. जिप्सीत बसलेल्या पाहुण्यांना मी हे कधी कळू दिलं नाही. ज्याच्या भरवशावर जंगलात शिरायचं तो ड्रायव्हरच भित्रा निघाला, तर अर्धे लोक गेटवरूनच माघारी जातील. पण आता गाडी विकून टाकली, दाढी पांढरी झाली, आणि दिवाळी अंकवाल्यांनी "हमीदभाई, वाघाचे अनुभव लिहून द्या" म्हणून लकडा लावला आहे, तर निदान खरं तरी लिहावं. अनुभव कसले, सगळी भीतीच आहे. पहाटे गेटवर चहा पिताना ती माझ्यासोबत असायची. पहिल्या दिवशी होती तशीच शेवटच्या दिवशीही होती.

बायको म्हणायची, "इतना डर लगता तो जाते कायको? गॅरेज क्या बुरा था?"

गॅरेज वाईट नव्हतं. मुकुटबनला आमच्या अब्बांचं गॅरेज होतं. ट्रॅक्टर, जीप, मोटारपंप, जे येईल ते आम्ही उघडत असू, आणि बहुतेक वेळा ते परत जोडलंही जाई. पुढे आमच्या भागातलं अभयारण्य नावारूपाला आलं, पुण्या-मुंबईचे लोक वाघ पाहायला येऊ लागले, आणि जुन्या पेट्रोल जिप्स्यांना अचानक मान आला. अब्बांनी लिलावातून आणलेली एक खिळखिळी जिप्सी आमच्या दारात कोंबड्यांना सावली देत उभी होती. ती मी दुरुस्त केली, वरचं छत काढलं, मागे उंच बाकं बसवली, हिरवा रंग मारला आणि धंद्याला लागलो. कोंबड्यांनी मला बरेच दिवस माफ केलं नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे मजा वाटते. रोज जंगल, रोज हवा, वर पगार! पण काम असं असतं: रस्ते ठरलेले, वेग ठरलेला. खाली उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. वाघ डोळ्यांना दिसतो तो नंतर, आधी तो कानांनी शोधावा लागतो. झाडावरचं वानर खाकरतं, चितळ ओरडतं, त्याला आम्ही 'कॉल' म्हणतो. कॉल कुठून येतो, पुढे सरकतो की जागच्या जागी राहतो, यावरून वाघाचा अंदाज बांधायचा. आणि कॉल ऐकायचा तर इंजिन बंद करावं लागतं.

मेकॅनिकच्या पोराची खरी भीती इथून सुरू होते. बंद केलेलं इंजिन परत चालू होईलच असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मेकॅनिक नसतो. जिथे खाली उतरायलाच बंदी, तिथे धक्का मारणार कोण? म्हणून मी शक्यतो उतार बघून गाडी थांबवायचो. पाहुण्यांना वाटायचं, ड्रायव्हर रसिक आहे, नजारा बघून गाडी लावतो. मी म्हणायचो, "हो जी."

उन्हाळ्यात तर आणखी एक दुखणं असे. आमच्याकडच्या मे महिन्यात जुन्या गाडीच्या पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. इंजिनपर्यंत पेट्रोल पोचत नाही, सेल्फ नुसता कण्हत राहतो. त्याला औषध एकच. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि गप वाट पाहायची. मुकुटबनच्या चौकात हे औषध फुकट मिळतं.

भित्र्या माणसाला दुसऱ्याची भीती लवकर ओळखू येते. एकदा एक निवृत्त सुभेदार आले होते. मिशा अशा की वाघानंच सलाम करावा. गेटपासून सांगत होते, आम्ही बॉर्डरवर काय काय पाहिलं आहे. मग बांबूच्या बेटातून वाघ नुसता घशातल्या घशात गुरगुरला, दिसलाही नाही. सुभेदारांनी मागून माझी कॉलर जी धरली, ती गेट येईपर्यंत सोडली नाही. उतरताना म्हणाले, "तुम्हाला आधार दिला होता हो." मी त्यांचे आभार मानले. उलट अमरावतीच्या एक आजी वाघ शेजारून जाताना शांतपणे घोरत होत्या. उठवल्यावर माझ्यावरच चिडल्या, "कायले उठवलं? मांजर पाह्यली नाही का म्या कधी?" अशी गिऱ्हाइकं मिळाली की मला जरा बरं वाटायचं.

प्रत्येक गाडीत आसपासच्या गावातला एक गाइड लागतो. माझ्या गाडीत बहुतेक वेळा सोनाबाई असे. ती कोलाम आदिवासी, जंगलाच्या कडेला असलेल्या पोडावरची. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी रंजना, ती मुकुटबनला बारावीत शिकत होती. पहाटे पोडाच्या तोंडाशी गाडी थांबवून मी हॉर्न द्यायचा, एक लांब, दोन आखूड. तो हॉर्न मी एका भंगार ट्रकचा काढून बसवला होता. तो वाजला की पोडावरची कुत्री भुंकायची, म्हाताऱ्या मला शिव्या द्यायच्या आणि सोनाबाई खाकी सदरा नीट करत धावत यायची. गेटच्या आत तो हॉर्न मुका असे.

पोडावर ती मला हमीदभाई म्हणे. गेटच्या आत गेलो की मात्र "ओ गाडीवाले". दुसऱ्या गाइडांनाही ती जंगलात नावानं हाक मारत नसे. एकदा मी विचारलंच.

"जंगलात नाव घेऊ नये, भाई," ती म्हणाली. "वाघानं नेलेला माणूस वाघासंगच फिरते. थो आपल्या वळखीच्याले नाव घेऊन बलावते. आपुन ओ देल्ली का वाघाले पत्ता लागते."

"मग अशी हाक आली तर करायचं काय?"

"गप बसाचं. जमिनीले लागून बसाचं. ओ द्याची नाही. मी माया पोरीले लहानपणापासून हेच शिकवलं हाय."

पोडावरच्या बाया रानात एकमेकींना नावानं बोलवतच नाहीत. 'कूऽऽ' अशी साद घालतात, समोरून 'कूऽऽ' आली की झालं. मी हसलो नाही. आमच्या घरी दादी जिनांच्या गोष्टी सांगायची, त्या ऐकून मी अजूनही चिंचेखालून जाताना पाय उचलतो. शिवाय आमच्या भागात वाघानं माणूस नेणं ही कहाणी नाही. गुराख्याचा रिकामा डबा घरी आलेला मी पाहिला आहे.

ती सकाळ मे महिन्यातली. तेंदूपत्त्याचे दिवस होते. पोडावरच्या बाया पहाटेच अभयारण्याच्या हद्दीबाहेर, नाल्यापलीकडच्या रानात पानं तोडायला जात. गाडीत बसताना सोनाबाई म्हणाली, "आज पोट्टीबी गेली बायांसंग. नको म्हटलं तरी आयकत नाही." मुलीचा तिला अभिमान होता, हे लपत नव्हतं.

पाहुणे नागपूरचे, एक निवृत्त साहेब आणि त्यांच्या पत्नी. साहेबांकडे हातभर लांब कॅमेरा. सकाळ सगळी कोरडी गेली. ऊन तापलं, साहेबांचं तोंड उतरलं. मी शेवटचा प्रयत्न म्हणून नाल्याकडे जाणारा रस्ता धरला, टोकापर्यंत गेलो आणि गाडी वळवून परत निघालो. नाला आता आमच्या पाठीमागे होता. त्याच्या पलीकडून बायांची 'कूऽऽ' अधूनमधून ऐकू येत होती.

वळणावर वानर खाकरलं, आणि समोरून रस्त्याच्या मधोमध वाघ चालत आला. मोठा नर होता. मान खाली, आमच्याकडे बघतही नव्हता. वाघ समोरून आला की ड्रायव्हरनं अंतर राखून गाडी मागे घेत राहायचं, ही आमची रीत. मी रिव्हर्स टाकला. तो चालत राहिला, मी मागे जात राहिलो, साहेब फोटो काढत राहिले. बराच वेळ हे चाललं. इंजिन तापत होतं. मला ते पायाच्या तळव्याला कळत होतं.

मग वाघ रस्त्यातच बसला.

"हमीदभाई, इंजिन बंद करा ना, फोटो हलतो," साहेब कुजबुजले. हे सगळेच सांगतात आणि आम्ही ऐकतो. जागा सपाट होती. मी चावी फिरवली. कॅमेऱ्याचा खटखटाट सोडून कुठलाही आवाज उरला नाही. थोड्या वेळानं वाघ उठला, अंग ताणलं आणि आमच्या दिशेनं निघाला. मी सेल्फ मारला. इंजिन कण्हलं. पुन्हा मारला. पेट्रोलच्या वाफेनं नेमका आजचा मुहूर्त काढला होता.

"हलू नका," मी म्हणालो.  वाघ आला. सोनाबाई बसली होती त्या बाजूनं, तिनं हात खाली सोडला असता तर पाठीला लागला असता इतक्या जवळून तो गेला. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मनातल्या मनात कलमा पढतानाही शब्द मागेपुढे होत होते. तो गेला. साहेबांनी श्वास सोडला आणि डोळे भरून आले त्यांचे, खोटं नाही सांगत. "आयुष्याचं सार्थक झालं," म्हणाले.

मी सोनाबाईकडे पाहिलं. ती सीटवर उलटी वळून मागे बघत होती. वाघ नाल्याच्या वाटेला लागला होता.

"तठी बाया हायेत," ती म्हणाली. "माही रंजी हाय तठी."

मोबाईलला तिथे रेंज कधीच नसे. बाकीच्या गाड्या दूर तळ्यावर. मी काही बोलायच्या आत सोनाबाई बाकावर उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "रंजेऽऽ! ओ रंजेऽऽ! वाघ हाय वंऽऽ! पळा तठूनऽऽ!"

नाल्यापलीकडची कूऽऽ बंद झाली. सोनाबाई पुन्हा ओरडली. काही नाही. एवढ्या लांबवर सगळे शब्द पोचत नाहीत, फक्त लांबवलेलं नाव पोचतं. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग तिनं दोन्ही हातांनी ते दाबून धरलं.

"म्या नाव घेतलं," ती म्हणाली.

मला आधी समजलं नाही.

"नाव घेतलं भाई म्या! वाघाच्या बाजूनं नावानं हाक आली. आता त्या खाली दडून बसल्या असतीन. पळाच्या नाहीत, ओरडाच्या नाहीत. म्याच शिकवलं हाय."

मग मला कळलं. उभ्या माणसाला वाघ सहसा बिचकतो. त्याला वाकलेला, बसलेला माणूस दिसू नये, कारण तो त्याला जनावर वाटतो. तेंदूच्या झुडपात खाली दडलेल्या बाया आणि त्यांच्याकडे सावकाश चालत जाणारा वाघ, आणि इथून आम्ही काहीही करू शकत नव्हतो.

"कूऽऽ कर ना," मी म्हणालो.

"आता काईबी केलं तं त्याईले थो वाघासंगचा माणूसच वाटते. माणसाचा आवाज नाही चालाचा." तिनं माझा खांदा धरला. "हॉर्न वाजवा."

मी हॉर्नवर हात ठेवला आणि थांबलो. नियमाचं मला त्या वेळी सुचलंही नव्हतं. पुढे त्या हॉर्नपायी काही दिवस माझी गाडी बंद राहिली आणि ते रीतसरच होतं. मी थांबलो ते दुसऱ्याच भीतीनं. वाघ आमच्या आणि बायांच्या मधे होता. आमच्याकडून आवाज झाला तर तो पुढे पळणार, म्हणजे थेट त्यांच्या अंगावर.

साहेबही तेच म्हणाले, "अहो, वाघ बिथरला तर?" त्यांचं चुकत नव्हतं.

"बिथरू द्या," सोनाबाई म्हणाली. "भुताले हॉर्न वाजवता येत नाही. तुमचा हॉर्न पोडावरचं शेंबडं पोट्टं वळखते. वाजवा भाई, माया पोरीची शपथ हाय."

मी वाजवला. एक लांब, दोन आखूड. साऱ्या जंगलात तो ट्रकचा भोंगा घुमला. काही नाही. पुन्हा वाजवला. मग नाल्यापलीकडे जेवणाचा एक डबा वाजला. मग दुसरा, मग बायांचा एकच गलका. वानरं एकदम खाकरायला लागली. त्या सगळ्या आवाजात वाघ एकदाच ओरडला, आणि त्यानंतर सगळं बंद झालं. डबे बंद, बाया बंद, वानरं बंद.

 सोनाबाई खाली उतरायला लागली, मी तिचं मनगट धरलं. "पायी गेलीस तर तूच त्याच्या तोंडात जाशील," म्हणालो. मग माझं मलाच नवल वाटलं, कारण मी स्वतः दार उघडून उतरलो होतो.

डोक्याचा दुपट्टा सोडला. साहेबांच्या पत्नींनी आपली पाण्याची बाटली त्यावर रिकामी केली. सकाळपासून त्या बाई चार शब्दही बोलल्या नव्हत्या. आता म्हणाल्या, "मी मागे बघत राहते, तुम्ही तुमचं काम करा." मी बॉनेट उचललं, ओला दुपट्टा पंपावर ठेवला आणि उभा राहिलो. पाठ जंगलाकडे. पान पडलं तरी मान मागे वळत होती. बंपरला पोट टेकवून उभा होतो. ज्या भीतीला इतकी वर्षं मी गाडीत बसवून फिरवलं, ती आता माझ्या शेजारी येऊन उभी होती. सोनाबाई गाडीत बसून एकसारखं काहीतरी कोलामीत पुटपुटत होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

इंजिन धडधडलं तेव्हा मी मोठ्यानं रडलो असेन. साहेब तसं म्हणतात, मला आठवत नाही.

रिव्हर्समध्येच गाडी नाल्यापर्यंत नेली. नाला कोरडा, सगळी वाळू. त्या काठावर बाया घोळक्यानं उभ्या होत्या, हातात डबे तसेच. त्यांच्यात रंजना नव्हती.

ती अलीकडे होती. आमच्या बाजूला, नाल्याच्या वाळूत, एकटी. तिच्या पुढ्यातच वाघाच्या पावलांचे ताजे ठसे होते. ते तिच्याकडे आले होते आणि थोड्या अंतरावरून वळून नाल्यानं वर गेले होते. हॉर्न आणि डब्यांच्या कैचीत सापडून त्यानं तिसरीच वाट धरली होती. काठावरची एक म्हातारी ओरडून सांगत होती, "आम्ही धरून ठेवलं व बाई तिले! हाताले हिसका देऊन पळाली हे पोट्टी!"

गाडी थांबायच्या आत सोनाबाईनं उडी टाकली. पोरीला जवळ घेईल असं मला वाटलं. तिनं तिच्या फाडकन कानशिलात मारली.

"काहून उठली व तू? कायले आली अठी? सांगतलं नव्हतं का तुले, रानात नावानं हाक आली तं उठाचं नाही? लहान हायेस का आता?"

रंजनाचा गाल लाल झाला होता. तिनं तो चोळलाही नाही. ती आईकडे बघत होती, तिच्या तोंडाकडे, हातांकडे, पायांकडे, जणू मोजून घेत होती.

"आवाज तुया होता, माय," ती म्हणाली. "मले वाटलं, त्यानं तुले नेलं. अन् तूच मले बलावून राह्यली."

"मग तं उठाचंच नाही ना, येडे!"

"तू बलावत होती," रंजना म्हणाली. "म्हणून मी येत होती. मधातच हॉर्न वाजला. मग समजलं, तू गाडीत हाय, जित्ती हाय. म्हणून थांबली मी."

 साहेबांचा कॅमेरा त्यांच्या मांडीवर पडून होता. सोनाबाई हळूहळू खाली बसली, तिथेच वाळूत. तिनं मुलीला ओढून कुशीत घेतलं, तिच्या केसांत अडकलेलं तेंदूचं पान काढलं, आणि मग त्या रानात, वाघाचे ठसे समोर असताना, तिच्या कानाशी तोंड नेऊन तिनं तिचं नाव घेतलं.

"रंजे."

"ओ," पोर म्हणाली.